चिखलाचा मान

रोवणी संपली की बायांनी मालकिणीच्या तोंडाला चिखल माखायचा, हा गावचा रिवाज. गावाबाहेरच्या टोलीवरची रुख्मा तेवढी लांब उभी राहून हसायची. तिचा हात मालकिणीला चालत नसे. यंदा मात्र धानाच्या शेवटच्या बांधीत कोणी उतरेचना. रोवायला उपटलेले पऱ्हे, धानाची ती कोवळी रोपं, उन्हात सुकत होते आणि बाया कडेच्या धुऱ्यावर बसून होत्या.

मालकीण दुलारीबाई तरातरा धुऱ्यावर आल्या. राज्यशास्त्र शिकलेली त्यांची सून हर्षिता रोज दुपारी या बायांना समता, हक्क, क्रांती असलं काहीबाही सांगत बसे. आता ह्या बाया जमिनीचा वाटाच मागणार!

"बोला, काय पायजे?" त्या कडाडल्या.

"मालकीण, यंदा रुख्मा बी चिखल लावन," एक बाई म्हणाली.

"अन्?"

"बस, येवढंच."

दुलारीबाईंचा जीव भांड्यात पडला. "मंग सकाळपासून मूग गिळून काऊन बसल्या? रोवणी संपायची वाट कायले पाहता? लाव आत्ताच!" त्यांनी मागे उभ्या असलेल्या सुनेकडे पाहून नाक मुरडलं. म्हणे क्रांती!

रुख्मानं भीतभीत चिखलाचं एक बोट मालकिणीच्या गालाला टेकवलं.

"अवो, मी का चावून राहिली? भरून लाव!"

बाया खदखदून हसल्या. रुख्मानं दोन्ही पंजे चिखलात बुडवले आणि मालकिणीचे दोन्ही गाल लिंपून काढले. मग बांधीत उतरायचं सोडून ती तिथंच, दुलारीबाईंच्या शेजारी, मांडी घालून बसली.

"बसा, दुलारीबाई," ती म्हणाली. "आता मजुरीचं बोलू."