निम्म्या व्होल्टेजची इस्त्री

"कुणाला खरं वाटणार नाही," म्हातारा म्हणाला, "पण त्या वर्षी व्होल्टेज इतकं पडलं, की बटण दाबलं तरी उजेड धावत यायचा नाही, ठिबकत यायचा. बल्बखाली वाटी धरायची. वाटी भरली की तिच्याजवळ बसून सुई ओवायची."

लेक खिडकीपाशी कपड्यांना इस्त्री करत होती. "आजही पडलंय," ती पुटपुटली. "तापतच नाही मेली."

पलंगावर म्हातारी उशांना टेकून बसली होती. नजर छताकडे. पंखा पेंगत फिरत होता आणि पात्यांच्या सावल्या भिंतीवरून संथ माशांसारख्या जात होत्या. दवाखान्यातून आल्यापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही बोलत राहा. म्हाताऱ्याला तेवढंच तर येत होतं.

दोघांचं विजेच्या वस्तूंच्या दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे गिऱ्हाइकांना थापा मारायला तो, मागे मिक्सर उघडून बसलेली ती. थाप फार फुगली की मागून आवाज यायचा, "खोटं!" गिऱ्हाईक हसायचं, आणि वस्तू ठेवून जायचं. दुकान त्या एका शब्दावर चालायचं.

"पंख्याचं तर विचारूच नका," म्हातारा म्हणाला. "पात्यावर चिमणीनं घरटं बांधलं. एका फेरीत अंडी, दुसरीत पिल्लं. तिसऱ्या फेरीला पातं खिडकीशी आलं, तशी पिल्लं उतरून चालती झाली."

"बाबा, पुरे. आईला पडू द्या जरा."

"तुला कोण सांगतंय?"

त्याचं लक्ष पलंगाकडे होतं. तिथे पापणीही हलली नाही. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि गळाला आमिष लावावं तसा आवाज खाली आणला.

"व्होल्टेज म्हणजे टाकीची उंची. करंट म्हणजे नळातून वाहणारं पाणी. हे मला हिनंच शिकवलं. तर टाकी आली निम्म्यावर. पण आमची इस्त्री हट्टी! म्हणाली, व्होल्टेज निम्मं झालं तर होऊ दे, मी करंट दुप्पट ओढते. आणि तापली की हो, पहिल्यासारखी कडक!"

लेकीचा हात थांबला. आईचे ओठ हलत होते. कधीचा बंद पडलेला रेडिओ लागावा तशी आधी नुसती खरखर आली.

"खो... टं."

म्हातारा पुढे झुकला. "काय खोटं, अगं?"

"टाकी निम्मी... तर पाणीही निम्मं." ती दमली. थांबली. "निम्म्याचं निम्मं. पावच... तापते."

तिने हात उचलून खिडकीकडे बोट केलं. लेकीची इस्त्री सदऱ्यावर तशीच राहिली होती. लेकीने दचकून ती उचलली. सदऱ्यावर साधा डागही नव्हता.

म्हातारीची नजर पुन्हा पंख्याकडे गेली आणि एका पात्यामागून सावकाश फिरत राहिली.

"चिमणीचं," ती म्हणाली, "असेल."