चार लिटर

पडद्यावरच्या नकाशात उस्मानपुरा निळाशार होता, म्हणजे पाणी पोहोचलेला. “दुष्काळातही घरोघरी पाणी पोहोचतंय. स्मार्ट मीटर खोटं बोलत नाही,” पाणीपुरवठा कंपनीचे साहेब पत्रकारांना म्हणाले. त्या पत्रकारांतल्या मुनिराची, या मीटरांवर तीन महिने खपून लिहिलेली बातमी संपादकांनी ‘तांत्रिक पुरावा आण’ म्हणून दोनदा परत केली होती. तिनं पिशवीतून मीटर काढून टेबलावर आदळला. “उस्मानपुऱ्यातल्या अनसूयाबाईंनीच काल रात्री नळावरून पान्यानं खोलून दिलाय. नऊ दिवस झाले, नळाला नुसती हवा येतेय.” “मीटर खोलणं गुन्हा आहे! आत जाल!” “जाईन की. आधी पडद्यावर त्यांचं घर दाखवा.” साहेबांनी तावातावानं दाखवलं. आजचा पुरवठा: शून्य. मुनिरानं मीटरला तोंड लावून जीव खाऊन फुंकर मारली. आतलं चक्र गरगरलं. पडद्यावर उमटलं: चार लिटर. तिनं रिकामा ग्लास साहेबांपुढं सरकवला. “लई तहान लागलीय, साहेब. त्या चार लिटरमधून एवढा भरून द्या.”