चारशेचा सेन्सर

"राजीनामा मी देतोय. तू आत तोंडातून ब्र काढायचा नाहीस," पद्माकरने प्रसन्नला बजावलं.

"सर, तुम्ही मध्ये पडू नका. मी देतो ना."

"तुझ्या बायकोला, मयुराला, सातवा महिना आहे. मला निवृत्तीला उरलंय एक वर्ष. चल."

गाझियाबादच्या त्या कारखान्यात चौकशी चार वाजता होती. प्रकरण साधं होतं. प्रेस मशीनमधल्या तेलाचा दाब मोजणारा सेन्सर बिघडला. जुना अडीचशे बार दाबापर्यंतचा होता, नवा मिळाला चारशेचा. अशा वेळी कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्येही अडीचशेच्या जागी चारशे टाकावे लागतात. तिथे अडीचशेच राहिले. स्क्रीन शंभर दाखवत होता तेव्हा पाइपात एकशे साठ होते. शुक्रवारी पाइप फुटला आणि ऑपरेटर अनुरागचा उजवा डोळा गेला.

सेन्सर प्रसन्नने बसवला होता, रविवारी, एकट्याने. प्रोग्रॅमचा पासवर्ड सगळ्या इंजिनीयरांचा एकच, पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेला. कोणी काय केलं ते सिद्ध करणं कठीण. पण खापर कोणावर फुटणार, ते उघडच होतं.

पद्माकरला हे सहन होईना. पुण्याहून आलेल्या प्रसन्नला त्यानेच हाताला धरून शिकवलं होतं. आता सत्तावीस वर्षांचं नाव पणाला लावून तो त्याची चूक पोटात घालणार होता. बायकोला, विनयाला, सकाळी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अच्छा! म्हणजे आता तुमची आरती करायची का?" तो रागावला. खरं तर मनातून सुखावलाही होता.

मात्र चूक पोटात घालायची म्हणजे लाड करायचे नाहीत, हा त्याचा बाणा. दुपारी त्याने प्रसन्नला हॉस्पिटलात नेलं. "पाया पड. माफी माग."

प्रसन्नने अनुरागच्या आईचे पाय धरले. म्हातारीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "बेटा, तूने जानबूझकर थोड़े ही किया." प्रसन्न ढसाढसा रडला. पद्माकरचे डोळेही भरून आले. पोराला निदान लाज आहे, असं त्याला वाटलं.

चौकशी वीस मिनिटांत आटोपली. विभागप्रमुख म्हणून जबाबदारी माझी, असं पद्माकरने लिहून दिलं. मॅनेजरने ते घेऊन फाइलला लावलं. कोणी थांबवलं नाही, याचं त्याला जरा वाईट वाटलं.

पार्किंगमध्ये त्याने प्रसन्नला गाठलं. "सुटलास. आता एकदा मला सांग, आकडा बदलायचा विसरलास कसा?"

"जाऊ द्या ना, सर."

"जाऊ द्या? एका माणसाचा डोळा गेलाय! तुझ्यासाठी मी नाव घालवलं, आणि तुला साधं 'चुकलो' म्हणवत नाही? इतका कोडगा झालास?"

प्रसन्नने मोबाइलवर एक फोटो उघडून पद्माकरपुढे धरला. रविवार, संध्याकाळचे सहा दहा. स्क्रीनवर प्रोग्रॅम उघडा, आणि त्यात आकडा होता चारशे.

"मी बदलला होता, सर. मंगळवारी प्रेसचा टायमर दुरुस्त करताना तुम्ही तुमच्या लॅपटॉपमधला जुना, अडीचशेचाच प्रोग्रॅम मशीनवर चढवलात."