बासष्ट फुलपाखरं आणि निहार

काणे मॅडमनी आपल्या फोनवर नीलवंत फुलपाखराचं पान उघडलं, तर तिथे वर्गातला निहार हसत होता. डोक्यावर जाळी, नाकाला चिखल.

फुलपाखरांचं हे अ‍ॅप शाल्मलीनं बनवलं होतं. खरं चित्र लोड होईपर्यंत दिसायला एक तात्पुरता फोटो लागतो, म्हणून तिनं अ‍ॅपमध्ये आंबोलीच्या सहलीतला निहार टाकला होता. काम करताना तो दर वेळी अर्धा सेकंद दिसायचा आणि तेवढ्यानं तिचा दिवस छान जायचा. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पण आज तो जाईचना. बासष्ट फुलपाखरांची चित्रं तिच्या लॅपटॉपमधल्या फोल्डरमध्येच राहिली होती. मॅडमच्या फोनला ती सापडणार कुठून?

पुढचं पान, निहार. त्याच्या पुढचं, पुन्हा निहार. वर्ग खिदळायला लागला.

“‘हंगाम: पावसाळा. ओल्या मातीवर बसतो,’” मॅडमनी गंभीरपणे वाचलं. “हा आपल्याकडे आढळतो का गं?”

“पहिल्या बाकावर, मॅडम!” मागून कुणीतरी ओरडलं.

निहार कानापर्यंत लाल झाला होता. तो उठून शाल्मलीच्या शेजारी येऊन बसला, मॅडमचा फोन तिच्या लॅपटॉपला जोडला आणि टाइप करत राहिला. दहा मिनिटांत सगळी फुलपाखरं आपापल्या पानावर आली.

शाल्मलीनं एकेक पान तपासलं. बासष्टच्या पुढे आणखी एक निघालं. तोच फोटो, तोच चिखल. खाली लिहिलं होतं:

आढळ: शाल्मलीच्या शेजारी. हंगाम: बारमाही.