रॉन पेट्राकचा मुलगा

नऊ सेकंद उरले होते आणि हॅस्किन्स मिल गावच्या शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा संघ चार गुणांनी पुढे होता. तरी कोणाच्या जिवात जीव नव्हता. चेंडू त्यांच्याच गोलरेषेपासून दोन यार्डांवर अडकला होता आणि हातात एकच खेळी उरली होती. लाथ मारून लांब घालवावा, तर समोरच्या धिप्पाड पोरांनी दुपारपासून दोन लाथा अंगावर घेऊन अडवल्या होत्या. तिसरी अडवली की राज्याचं अजिंक्यपद गेलंच म्हणायचं.

म्हातारा कोच मर्ल डिसांटो याने खेळ थांबवून आपल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या ग्रँट पेट्राकला, जवळ बोलावलं.

"चेंडू घे आणि मागे पळ. आपल्याच गोलरेषेमागच्या पट्टीत. घड्याळ संपेपर्यंत हाती लागू नकोस, मग मागची रेषा ओलांडून बाहेर हो. त्यांना दोन गुण मिळतील. मिळू देत."

"आणि पुढे झेलायला डेव्हॉन मोकळा दिसला तर?"

"दिसेलच. सगळे तुझ्याच मागे लागतील ना," कोच म्हणाला. "फेकू नकोस."

ग्रँट मान हलवून मैदानाकडे वळला. वर्षभर हेच ऐकत आला होता तो. फेकू नकोस, चेंडू पळणाऱ्याच्या हातात दे आणि बाजूला हो. त्याने तीस यार्डांपलीकडे फेकलेला चेंडू कोंबडीसारखा फडफडत खाली यायचा, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इथल्या खोऱ्यात क्वार्टरबॅक पिकतात. त्यात हे असलं पीक आलं, म्हणून माणसं हळहळत. नाक्यावरच्या खानावळीत केक आणि कॉफी समोर ठेवून सगळ्यांचं एकच पालुपद चाले. बचावाच्या जोरावर अंतिम सामन्यापर्यंत जाता येतं, कप आणायला मनगट लागतं.

मनगट होतं ते त्याच्या बापाचं. सत्तावीस वर्षांपूर्वी रॉन पेट्राक याच अंतिम सामन्यात खेळला होता. संघ पुढे होता, शेवटचे काही सेकंद उरले होते. रॉनने चेंडू फेकला, समोरच्याने तो मधेच झेलला आणि थेट गोल गाठला. कप गेला. पण गावाने रॉनला बोल लावला नाही. असल्या हाताला दोष द्यायचा कसा? पुढे असताना पोराला फेकायला लावणाऱ्या कोचचीच अक्कल काढली. मर्ल डिसांटो हार्डवेअरच्या दुकानात गेला की आजही कोणीतरी ते उकरून काढतं. तो कधी उलटून बोलला नाही. खिळे घ्यायचे आणि चालू पडायचं.

ग्रँटला खुपायचं ते वेगळंच. तो रोज पहाटे गॅरेजमागे टांगलेल्या टायरमधून चेंडू फेकायचा. बाप एकदाही शिकवायला बाहेर आला नाही. एकदा त्याने विचारलं, तर रॉन म्हणाला, कोच सांगतील तेवढं कर, आणि आत निघून गेला. आपली लाज वाटते त्याला, असं पोराने मनाशी पक्कं करून टाकलं. आजसुद्धा रॉन गॅलरीत बसला नव्हता. पहिल्या शिट्टीपासून तो कुंपणाबाहेर येरझाऱ्या घालत होता.

"बापाचा हात घरी विसरलास का रे?" गॅलरीतून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

चेंडू ग्रँटच्या हातात आला. तो मागे पळाला. दोघे राक्षस अंगावर आले, तो उजवीकडे निसटला, मग डावीकडे. सहा सेकंद. पाच. आणि त्याला डेव्हॉन दिसला. मैदानाच्या मध्यावर एकटा, हात वर करून उभा. आसपास चिटपाखरू नव्हतं. एवढा चेंडू ग्रँटलासुद्धा जमला असता. निदान त्या क्षणी त्याला तसं वाटलं. हुकला तर घड्याळ थांबणार होतं आणि चेंडू गोलच्या तोंडाशी समोरच्यांच्या हाती जाणार होता. पण जमला तर? तर कोणी पुन्हा बापाच्या हाताची चौकशी केली नसती.

त्याचा हात कानापर्यंत गेला. अख्खी गॅलरी उभी राहिली आणि "फेक, फेक" म्हणून ओरडू लागली. याला फेकता येत नाही म्हणून वर्षभर रडणारी तीच माणसं.

तीन सेकंद. त्याने चेंडू खाली घेतला, पोटाशी आवळला आणि पाठ फिरवून पळाला. कोणाची तरी बोटं त्याच्या जर्सीत अडकली. तो त्यालाही तसाच ओढत पळाला आणि मागची रेषा ओलांडून गवतावर कोसळला. घड्याळात शून्य होतं.

तेरा-अकरा. पळून जाऊन कप जिंकलेलं गाव एकदम उसळलं. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. मर्ल डिसांटो टोपी काढून बाकावर बसला. तेवढ्या गोंधळातही कोणीतरी हसत म्हणालंच, रॉन असता तर फेकला असता.

ग्रँटने ते ऐकलं. तो अजून गवतावरच बसला होता. कुंपण ओलांडून रॉन त्याच्यासमोर येऊन उभा राहिला, तरी त्याने मान वर केली नाही.

"दिसला होता मला डेव्हॉन," तो म्हणाला. "फेकायला हवा होता ना, बाबा?"

रॉनने बाकावरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी कोचनी मलाही पळायलाच सांगितलं होतं."