गच्चीवरचा जास्तीचा भार

गच्चीच्या मागच्या बीमवर इमारतीच्या मॉडेलमध्ये जेवढा भार होता, त्याच्या दुपटीहून जास्त भार बीम डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत होता. ज्ञानदाने दोन्ही खिडक्या स्क्रीनवर शेजारी-शेजारी लावल्या आणि आकडे पुन्हा वाचले. फरक तसाच होता.

"मॉडेलमधून इकडे आणताना एककं बदलली असतील," शेजारच्या टेबलावरून कौस्तुभ म्हणाला.

"मग सगळेच बीम चुकले असते. पुढचे बरोबर आहेत."

"स्लॅबचं वजन दोनदा धरलं गेलं असेल."

तिने तेही तपासलं. तसं नव्हतं. मग तिने मॉडेलमधल्या सगळ्या बीमवर थोडा भार मुद्दाम वाढवला आणि तो पुन्हा इकडे आणला. पुढच्या बीमचे आकडे लगेच वाढले. मागचे बीम जागचे हलले नाहीत.

म्हणजे तिथे मॉडेलचा भार पोचतच नव्हता. कुणीतरी त्या बीमपुरता दुवा तोडून आकडे हाताने भरले होते. आणि या फाइलवर तिच्याआधी फक्त इथल्या मुख्य इंजिनिअर विनया मॅडमनी काम केलं होतं.

वसईतल्या या छोट्या ऑफिसात ज्ञानदा मॅडमसाठीच आली होती. कॉलेजात त्यांनी एकदा व्याख्यान दिलं होतं. फळ्यावर एक बीम काढून तो कुठे वाकेल, कुठे तडकेल हे त्यांनी एकही सूत्र न लिहिता दाखवलं होतं. इथे आल्यावरही तिने तेच पाहिलं. मॅडम आधी पेन्सिलीने उत्तर काढत आणि मग संगणकाला विचारत. दोघांचं जमलं नाही तर चूक बहुतेक वेळा संगणकात माहिती भरणाऱ्याची निघे.

आता माहिती भरणाऱ्या त्याच होत्या.

घर पाचूबंदरच्या ऑगस्टीनचं. तळमजला आणि वर गच्ची. पहिल्याच भेटीत त्याने बजावून सांगितलं होतं, "वर काय बांदायचा नाय आपल्याला. सुकट वाळवायला जागा झाली का बास."

ज्ञानदा मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, मागच्या बीमवर भार जास्त आलाय. हाताने भरलेला दिसतोय."

"मीच भरलाय."

"कशासाठी?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "गच्चीवर सुकट वाळवणार आहेत ना?"

त्या हसल्या नाहीत, म्हणून ज्ञानदाही हसली नाही. जागेवर येऊन तिने हिशोब केला. तेवढा भार व्हायला सुकट माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकी उंच रचावी लागली असती. आणि ती फक्त मागच्या अर्ध्या गच्चीवर.

"अगं, त्यांचा हात सढळ आहे," कौस्तुभ म्हणाला. "पायातली फुटिंग आणि कॉलमसुद्धा तसेच जाड केलेत. कर सही आणि मोकळी हो. बीम जाड झाला म्हणून कुणी मेलेलं नाही."

ड्रॉइंगवर 'तपासलं' या चौकटीत पहिल्यांदाच तिची सही व्हायची होती. जे पटत नाही त्याखाली नाव लिहायचं नाही, हे तिला याच मॅडमनी शिकवलं होतं. तिने पेन उचललं, खाली ठेवलं आणि पुन्हा केबिनच्या दारात गेली.

"मॅडम, मला कारण कळलं नाही. मी सही करणार नाही."

मॅडम रागावल्या नाहीत. उलट त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. "नको करूस. उद्या साइटवर चल. तिथे वाटलं तर कर."

दुसऱ्या दिवशी पाचूबंदरला गल्लीच्या तोंडाशी सळयांच्या मोळ्या पडल्या होत्या. स्लॅब ओतण्यासाठी फळ्या-टेकूंचं सेंटरिंग बांधून तयार होतं. मॅडम साडीचा पदर खोचून शिडीवरून वर गेल्या आणि एकेक टेकू हलवून पाहू लागल्या. शिडी धरून उभा असलेला सेंटरिंगवाला त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिला. ज्ञानदाही बघत राहिली. एवढ्या बारीक नजरेच्या बाईने बीमवर नसलेला भार का टाकावा, हे कोडं तिला सुटत नव्हतं.

ऑगस्टीन तिच्याजवळ आला.

"बाय, तू शिकलेली हायस. खरा सांग. बाजूच्या फ्लॉईडच्या घराला याच्या अर्धा लोखंड लागला. आमच्यावर तुमच्या मॅडमचा येवढा प्रेम कशाला?"

ज्ञानदाने वर पाहिलं. मॅडम सेंटरिंगच्या कडेला उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू जात होतं. पण थांब, असं त्यांनी खुणावलं नाही.

खोटं बोलणं तिला जमेना. "अंकल, नुसती गच्ची असेल तर मागच्या बीमला एवढ्या सळया लागत नाहीत. बऱ्याच कमी होतील."

"बगा!" ऑगस्टीनचा चेहरा उजळला. "मी बोलत होतो ना? कमी कर, बाय. आजच कागद बदलून दे."

ज्ञानदाला हलकं वाटलं आणि वाईटही वाटलं. आता मॅडमच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे तिला कळेना. तेवढ्यात ऑगस्टीनची बायको रोझलीन चहाचे कप घेऊन बाहेर आली.

"ऐकला काय, रोझी?" ऑगस्टीन म्हणाला. "या बायनं आपला अर्धा लोखंड वाचवला."

रोझलीनने पहिला कप ज्ञानदाच्या हातात दिला आणि नवऱ्याकडे वळली.

"मंग उरलेल्या सळया कोनाला देऊ नको. नाताळानंतर आपल्या पोराचा, केल्विनचा लगीन हाय. गच्चीवर मागच्या बाजूला त्याची खोली बांदायची, तिला होतील."