एका आवाजाचा कुत्रा

शार्दूलच्या बारशाला त्याचं रडणं ऐकवत पिल्लाला लस टोचली होती; त्या लशीनं ते जन्मभर त्याच्याच आवाजाशी बांधलं गेलं. साठ वर्षं जगणारा, एकाच आवाजाचा कुत्रा. आता शार्दूल चाळिशीचा होऊन टोरांटोत होता, तो कुत्रा, खारक्या, चाळिशीचा होऊन शार्दूलच्या आईच्या, कुमुदिनीबाईंच्या पायाशी. उद्या त्या वृद्धाश्रमात जाणार होत्या. तिथे कुत्री चालत नव्हती.

कुत्र्यांच्या दत्तक केंद्रातल्या बाईंनी शार्दूलला फोन लावून स्पीकरवर टेबलावर ठेवला. “त्याच आवाजानं हाकलल्याशिवाय हा नव्या घरी अन्नाला तोंड लावणार नाही. बोला साहेब, जोरात.”

“चल नीघ,” शार्दूल म्हणाला. “नकोयस तू मला.”

अकरा वर्षांनी तो आवाज ऐकून खारक्याची शेपटी जमिनीवर धपधप आपटू लागली.

“आणखी कडक, साहेब.”

“मर तिकडेच! ओझं नुसतं!”

खारक्या उडी मारून फोन चाटू लागला. त्याला न्यायला आलेलं कुटुंब चपला घालून निघून गेलं.

“नाही सुटत हा, आजी. इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावंच लागेल,” बाई हळूच म्हणाल्या.

“झालं ना? ठेवतो मी,” शार्दूल म्हणाला.

कुमुदिनीबाईंनी फोन दोन्ही हातांत घट्ट धरला.

“नको रे बाळा. शिव्या दे, काहीही बोल. पण ठेवू नकोस.”